सुलभा देशपांडे : बेणारेच्या अलीकडे आणि पलीकडे

अभिनेत्री सुलभा देशपांडे यांचा विषय निघाला की बोलणे लीला बेणारेपाशी येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातल्या त्या भूमिकेने मराठी अभिनयाचे एक माप घालून दिले, हे मान्यच आहे. तरीही त्यांच्या कारकिर्दीवर लिहिताना बेणारे, छबिलदास शाळेतली प्रायोगिक नाटके, बालनाट्य आणि सिनेमातल्या आया अशी वेगवेगळी प्रकरणे पाडली जातात, ते मला पटत नाही. एका शाळेतल्या बाईंना मुलांसाठी नाटक हवे होते, तिथून हे सगळे सुरू झाले आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर ती शाळा या ना त्या रूपाने त्यांच्यासोबत राहिली, असे मला वाटते. या धाग्यात त्याच अंगाने चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९३७ रोजी मुंबईत, कामेरकर कुटुंबात झाला. वडील एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत होते. फोर्टमधल्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्या दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शाळेत मुलांचे नाटक बसवायची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी विजय तेंडुलकरांना गाठले आणि तेंडुलकरांनी त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी नाटके लिहून दिली. तेंडुलकरांच्या बालनाट्यांकडे आपण एरवी त्यांच्या लेखनातला एक कोपरा म्हणून पाहतो. पण त्यांतल्या काहींच्या मुळाशी एका शिक्षिकेची गरज होती, याची नोंद व्हायला हवी.

१९६० च्या सुमारास विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि त्यांचे सहकारी 'रंगायन' या नाट्यसंस्थेत एकत्र आले आणि सुलभाताई त्या चळवळीत सामील झाल्या. व्यावसायिक रंगभूमीवर जे करता येत नव्हते ते मोजक्या, जाणत्या प्रेक्षकांसमोर करून पाहण्याची ती जागा होती. अरविंद देशपांडे हे त्यांचे पती आणि दिग्दर्शकही. घर आणि तालीम यांच्यात भिंत नसलेले हे सहजीवन १९८७ मध्ये अरविंदरावांचे निधन होईपर्यंत चालले.

'शांतता!' १९६७ मध्ये रंगायनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते. एका गावातल्या सभागृहात मुंबईची हौशी मंडळी प्रयोगासाठी येतात, वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि पाहता पाहता त्या खेळाच्या आडून आपल्यातल्याच एका अविवाहित शिक्षिकेच्या खासगी आयुष्याची चिरफाड करतात. भ्रूणहत्येचा गमतीत ठेवलेला आरोप अखेरीस खरा ठरवला जातो, आणि ज्या न्यायालयाने तो ठेवला तेच न्यायालय तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा निकाल देते. प्राध्यापक दामले, ज्यांचा या सगळ्याशी सर्वात जवळचा संबंध, ते नाटकभर येतच नाहीत.

बेणारे शिक्षिका आहे, ही गोष्ट नाटकात वरवरची नाही. पहिल्या प्रवेशात ती त्या गावातल्या सामंतांपाशी आपल्या वर्गातल्या मुलांविषयी ज्या ओढीने बोलते, त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. कारण अखेरीस तिची नोकरीच तिच्यापासून हिरावली जाते. प्रत्यक्षात वर्गात उभी राहिलेली, मुलांसमोर आवाज कसा चढवायचा आणि कसा उतरवायचा हे रोजच्या कामातून शिकलेली नटी ही भूमिका करते, तेव्हा त्या सुरुवातीच्या आनंदाला आधार मिळतो. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी याच नाटकावर चित्रपट केला, त्याचे छायाचित्रण गोविंद निहलानी यांनी केले आणि अमोल पालेकरांच्या पडद्यावरच्या पहिल्या कामांपैकी तो एक. त्यात सुलभाताईंची बेणारे टिकून राहिली आहे. रंगमंचावरची भूमिका पडद्यावर जशीच्या तशी उतरत नाही हे खरे. तरी ज्यांचा त्या प्रयोगांच्या वेळी जन्मही झालेला नव्हता, त्यांच्यासाठी हा मोठा ठेवा आहे.

१९७१ मध्येच अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे व इतर सहकाऱ्यांसह 'आविष्कार' ही संस्था उभी केली. आविष्कारच्या पुढच्या वाटचालीत छबिलदासचा वाटा कसा होता, यावर जाणकारांनी जरूर लिहावे. १९७८ साली त्यांनी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा बालचित्रपट दिग्दर्शित केला. १९८७ मध्ये त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रतिसाद

धागा काढल्याबद्दल आभार. बेणारेच्या शेवटच्या स्वगताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे कौतुक पुष्कळ होते आणि त्यातली अडचण क्वचितच सांगितली जाते.

निकालाआधी न्यायालय आरोपीला आपले म्हणणे मांडायला दहा सेकंद देते. त्यानंतर रंगमंचावरचे बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलू लागते. आयुष्य, शरीर, कोवळ्या वयात मामावर जडलेले प्रेम, नंतर एका बुद्धिमान माणसाची केलेली पूजा आणि त्याने तिच्याकडून घेतलेले फक्त शरीर, असे बरेच काही ती बोलते. ते संपते तेव्हा मंडळी पुन्हा हलू लागतात, वेळ संपल्याचे सांगितले जाते आणि आरोपीला काही म्हणायचे नाही अशी नोंद होते. म्हणजे प्रेक्षकाने जे ऐकले ते न्यायालयाच्या लेखी उच्चारलेच गेलेले नाही.

नटीपुढचा पेच इथे आहे. हे बोलणे मनातल्या मनात चालले आहे म्हणून हळू ठेवले, तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि इतका वेळ साचलेल्या संतापाला वाट मिळत नाही. मोठ्याने म्हटले, तर भाषेच्या काव्यमयतेमुळे त्याचे भाषण होते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा होतो. अनेक स्पर्धांतून हा उतारा दुसऱ्या पद्धतीने केलेला मी पाहिला आहे; त्यात बेणारे जिंकल्यासारखी वाटते, आणि ती तर हरलेली आहे. चित्रपटात सुलभाताईंचे बोलणे पाहताना मला जाणवते ते असे की, त्या वाक्यांच्या अर्थाइतकेच त्या वाक्यांमधल्या अडखळण्याकडे लक्ष देतात. एखादा विचार येतो, त्याचीच स्वतःला लाज वाटते, लाज वाटल्याचा राग येतो आणि मग पुढचे वाक्य येते. त्यामुळे तो उतारा एकसंध कविता होत नाही. विचार करणाऱ्या बाईचे बोलणे राहतो.

यानंतरचा शेवट तितकाच अवघड आहे. सामंतांनी पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट ते तिच्याजवळ ठेवून जातात आणि चिमणी-पोपटाचे गाणे ऐकू येते. नटीने तिथे काहीच करायचे नसते. इतके बोलून झाल्यावर काहीही न करता पडून राहणे, हा धीर सगळ्यांकडे नसतो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. एक भर घालते. पहिल्या प्रवेशात दार उघडताना बेणारेचे बोट कडीत चेमटते, हा प्रसंग कित्येक दिग्दर्शक घाईने उरकतात. पुढे दार बाहेरून अडकते आणि तिला बाहेर पडता येत नाही, त्याची ती पूर्वतयारी आहे. सुरुवातीचे हसणे, गाणे म्हणणे, सामंतांची थट्टा करणे यांत नटी जितकी मोकळी, तितका नंतरचा फास आवळत जातो. त्यामुळे बेणारेचे मोजमाप फक्त स्वगतावर करू नये, असे मला वाटते. दुसऱ्या अंकात तिच्या वाट्याला संवाद कमी आणि ऐकणे जास्त आहे. एकेक साक्षीदार उभा राहतो आणि तिची थट्टा हळूहळू आटत जाते. ते आटणे दिसले नाही, तर अखेरचे बोलणे अचानक आल्यासारखे वाटते.

प्रतिसाद

धागाकर्त्याने छबिलदासविषयी लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो. सत्तरच्या दशकात आणि त्यानंतरही तिथे नियमित जाणाऱ्या प्रेक्षकांपैकी मी एक.

आज 'छबिलदास चळवळ' हा शब्द अभ्यासक्रमात आला आहे आणि त्यामुळे तिथे सगळे ठरवून, आराखडा करून झाले असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात १९७४ पासून शाळेचे सभागृह आविष्कारला नाटकांसाठी मिळू लागले, ते मिळण्यात सुलभाताईंचा त्या शाळेशी असलेला संबंध मोलाचा ठरला आणि मग पैसे नसलेल्या पण काहीतरी म्हणायचे असलेल्या मंडळींची तिथे रीघ लागली. दादर स्थानकाला लागून असलेली शाळा, खाली भर बाजार, वर साधेसुधे सभागृह. पडदा आणि विंग यांची चैन नव्हती. प्रेक्षक कधी खुर्च्यांवर, कधी सतरंजीवर, तर कधी नटांच्या चहूबाजूंनी बसत. बादल सरकारांच्या 'जुलूस'सारखे नाटक अमोल पालेकरांनी तिथे केले, तेव्हा नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर जवळजवळ उरलेच नव्हते. दुबे यांच्या थिएटर युनिटची हिंदी नाटकेही तिथे होत.

मला सांगायचे आहे ते या सगळ्यामागच्या रोजच्या कामाविषयी. एखादे सभागृह प्रायोगिक नाटकाचे केंद्र होते, तेव्हा कोणीतरी तारखा सांभाळलेल्या असतात, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालातरी ठाऊक असते, शाळेच्या परीक्षा आल्या की सामान कुठे हलवायचे हे कोणीतरी पाहिलेले असते आणि प्रयोगानंतर वर्ग दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीसाठी पुन्हा लावून दिलेले असतात. अरुण काकडे हे या व्यवस्थेचा कणा होते आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ते सर्वांनी मनापासून सांगितले. पण एवढी नावाजलेली अभिनेत्री दुसऱ्यांच्या नाटकांसाठी इतकी वर्षे झटते, दुसऱ्या संस्थेतल्या नवख्या मुलाचा प्रयोग असला तरी येऊन बसते, हे दृश्य आपल्या रंगभूमीवर दुर्मीळ होते. तारांकित नटांच्या संस्था बहुधा त्या नटाभोवती फिरतात. आविष्कार सुलभाताईंसाठी भूमिका शोधणारी संस्था कधीच झाली नाही.

पुढे ती जागा सुटली आणि आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. पुन्हा शाळाच! धागाकर्त्याच्या म्हणण्याला यातून दुजोरा मिळतो.

प्रतिसाद

इथे थोडा वेगळा सूर लावतो, कृपया गैरसमज नसावा.

सुलभाताईंनी संस्थेसाठी केलेल्या कामाचे कौतुक करताना अभिनेत्री म्हणून त्यांचे काय राहून गेले, याकडेही पाहिले पाहिजे. बेणारेसारखी भूमिका तिशीच्या उंबरठ्यावर वाट्याला आलेल्या नटीला त्यानंतरच्या वीस वर्षांत त्या तोडीच्या किती भूमिका मिळाल्या? हिंदी समांतर चित्रपटांत त्या सातत्याने दिसत राहिल्या. १९७८ चा 'गमन', १९८२ चा 'बाजार' ही नावे चटकन आठवतात. परंतु त्यांचे स्थान बहुतेक वेळा कथेच्या कडेला राहिले. व्यावसायिक चित्रपट आणि मालिकांनी तर त्यांना आई, सासू, आजी याखेरीज फारसे काही दिले नाही. संस्था उभारण्यात गेलेली वर्षे स्वतःच्या अभिनयासाठी दिली असती, तर चित्र वेगळे दिसले असते का, हा प्रश्न विचारायला हवा. आपल्याकडे बाईने स्वतःच्या कलेपेक्षा संस्थेला, कुटुंबाला पुढे ठेवले की तिचे गुणगान होते आणि त्यात तिने काय गमावले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता)

आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. चाळिशी ओलांडलेल्या अभिनेत्रीसाठी आपल्या चित्रपटांत केंद्रस्थानी भूमिका लिहिल्याच जात नव्हत्या. सुलभाताईंनी सगळा वेळ अभिनयाला दिला असता तरी लिहिणाऱ्यांनी काय लिहिले असते, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे जे राहून गेले त्याचे माप संस्थेच्या पदरात टाकणे मला योग्य वाटत नाही. ते चित्रपटसृष्टीच्या पदरात टाकावे.

कडेच्या भूमिकांविषयी मात्र माझे मत निराळे आहे. १९७७ मध्ये त्यांचे दोन चित्रपट आले आणि दोन्हींत त्या आईच आहेत. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'मध्ये त्या नायिकेची आई, शांता. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेली ती कथा. कलावंतिणींच्या घराण्यातून लग्न करून बाहेर पडलेली, प्रतिष्ठेला जिवापाड जपणारी आणि मुलीने गाण्या-बजावण्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून तिच्यावर हात उगारणारी ही बाई आहे. तिला सहज खलनायिका करता आले असते. सुलभाताईंच्या शांतामध्ये धाक दिसतो आणि त्या धाकामागची भीतीही दिसते. ज्या जगातून आपण सुटलो त्याच जगात मुलगी परत ओढली जाणार, हे तिला मुलीच्या आधी कळलेले असते.

त्याच वर्षीच्या जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'मध्ये त्या नायकाची, नाग्याची आई झाल्या. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर आदिवासींच्या जीवनावरचा हा चित्रपट गाण्यांसाठी आठवला जातो. शांताची पांढरपेशी होण्याची धडपड एका बाजूला आणि डोंगरातल्या ठाकर बाईचे मोकळे, कष्टाने काटक झालेले शरीर दुसऱ्या बाजूला. दोघी आया, चालणे वेगळे, बसणे वेगळे, मुलाकडे पाहणे वेगळे. हे एका वर्षात करणाऱ्या अभिनेत्रीला साचेबद्ध म्हणता येणार नाही, साचा तिला पुरवणाऱ्यांचा होता.

प्रतिसाद

'चौकट राजा' या यादीत आलाच पाहिजे. १९९१ च्या संजय सूरकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांच्या नंदूचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण नंदू खरा वाटण्यात त्याच्या आईचा वाटा किती आहे, हे पुन्हा पाहिल्यावर लक्षात येते. मतिमंद मुलगा वाढवलेल्या बाईला त्याच्या प्रत्येक हालचालीची सवय झालेली असते. ती दचकत नाही आणि सारखी डोळ्यांत पाणी आणत नाही. सुलभाताई नंदूशी ज्या व्यवहारी, किंचित थकलेल्या सुरात बोलतात, त्यामुळे प्रभावळकरांचा अभिनय अभिनय वाटेनासा होतो. आपल्यानंतर याचे काय, ही चिंता त्या एखाद्या ओझरत्या नजरेतून दाखवून जातात. समोरच्या नटाला उभे करणारा हा अभिनय आहे, आणि पुरस्कारांच्या यादीत अशा कामाला जागा नसते.

'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधली सासूही याच जातीची. घरातल्या सगळ्यांच्या बोलण्याने दुखावल्या जाणाऱ्या सुनेला समजून घेणारी ही सासू, लिहिलेल्या संवादांपेक्षा मोठी वाटते.

प्रतिसाद

मी लहानपणी चंद्रशालेत होते, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहिते. चंद्रशाला हा आविष्कारचा बालविभाग. माधव साखरदांडे यांचे 'दुर्गा झाली गौरी' हे त्याचे सर्वाधिक गाजलेले नृत्यनाट्य, आणि अनेक पिढ्यांतली मुले त्यातून गेली.

त्या नाटकात मुले खूप असतात. पुष्कळांना एकही वाक्य नसते. अशा वेळी मागच्या ओळीतल्या मुलाला आपण कशाला आहोत हे कळत नाही आणि ते चुळबुळ करू लागते. सुलभामावशींना हे चालत नसे. मागे उभ्या असलेल्या मुलीनेही पुढे काय चालले आहे ते ऐकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आणि ऐकते आहे की नाही हे त्यांना लांबूनही कळे. आवाज चढवावा लागत नसे. वर दुसऱ्या अंकातल्या बेणारेच्या ऐकण्याविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना मला हे आठवले. रंगमंचावर ऐकता आले पाहिजे हे त्यांनी आम्हाला शिकवले, आणि त्यांच्या स्वतःच्या कामातली सर्वात पक्की गोष्टही तीच होती, असे आज मोठेपणी त्यांचे चित्रपट पाहताना ध्यानात येते.

त्यातली फार थोडी मुले पुढे नट झाली. मीही झाले नाही. मुलांना नट करण्यासाठी चंद्रशाला चालवली जाते, असे आमच्यापैकी कोणाला तेव्हा वाटलेही नाही. तालमीला वेळेवर यायचे, दुसऱ्याचे वाक्य आपल्या वाक्याइतकेच पाठ करायचे, प्रयोग संपला की आपले कपडे आपण घडी करून ठेवायचे.

प्रतिसाद (धागाकर्ता)

आपल्या प्रतिसादामुळे वरच्या आक्षेपालाही काही प्रमाणात उत्तर मिळते. संस्थेचे काम आणि अभिनय हे एकाच वेळेचे दोन वाटेकरी होते, असे गृहीत धरले तर तोटा दिसतो. पण मुलांना ऐकायला शिकवणारी बाई पडद्यावर नंदूचे ऐकते आणि दुसऱ्या अंकात स्वतःविरुद्धच्या साक्षी ऐकते, तेव्हा एका कामाने दुसऱ्याला पोसलेले दिसते.

अरविंदरावांच्या निधनानंतर त्या खचून मागे हटल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आविष्कारने नाट्यमहोत्सव सुरू केला आणि त्यात प्रायोगिक नाटके होत राहिली. सुलभाताई त्यानंतरही जवळजवळ तीन दशके कामात होत्या.

एक विनंती आहे. रंगायन आणि छबिलदासच्या काळातील ज्या वाचकांकडे प्रयोगांच्या पत्रिका, जाहिराती किंवा स्वतः काढलेली छायाचित्रे असतील, त्यांनी ती जपून ठेवावीत आणि शक्य असल्यास नाट्यविषयक संग्रहांकडे त्यांच्या प्रती द्याव्यात. बेणारे निदान चित्रपटात तरी राहिली. छबिलदासमधल्या बहुतेक प्रयोगांचे चित्रीकरण झालेले नाही आणि तेव्हाचे प्रेक्षक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. छबिलदासवर वर लिहिणाऱ्या सदस्यांनी आपल्या आठवणींचा स्वतंत्र धागा काढावा, तालमी आणि तारखांच्या व्यवस्थेविषयी त्यात सविस्तर लिहावे, ही त्यांना आग्रहाची सूचना.